भरतीची धाव: जाड सोलचे रेसिंग शूज घ्यावेत की पातळ सोलचे?

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर. गाव कोणतंही असो, पहाटे उजाडण्याआधी गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसतात. यातल्या अनेकांचं लक्ष्य मॅरेथॉन नसतं. पोलीस भरती किंवा सैन्यभरतीची मैदानी चाचणी पार करणं, हे त्यांचं लक्ष्य असतं.

याच मुलांच्या मोबाइलवर सध्या दोन प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एकात सांगितलं जातं की, कार्बन प्लेटचे जाड सोलचे बूट घातले की वेळ आपोआप कमी होतो. दुसऱ्यात सांगितलं जातं की, जाड सोलमुळे पाय कमकुवत होतात, म्हणून पातळ बूट वापरा किंवा थेट अनवाणी धावा. दोन्ही दाव्यांत थोडं तथ्य आहे. पण दोन्हींपैकी कोणताही सल्ला चुकीच्या वेळी ऐकला, तर चाचणीच्या तोंडावर पाय जायबंदी होऊ शकतो.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी २८, तर मागास प्रवर्गासाठी ३३ वर्षं आहे. भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात निघेलच असंही नाही. त्यामुळे एका दुखापतीने हुकलेली संधी काहींसाठी शेवटची ठरते. म्हणूनच या दोन प्रकारच्या बुटांमागचं विज्ञान समजून घेणं गरजेचं आहे.

दोन प्रकारांत नेमका फरक काय?

जाड सोलच्या रेसिंग शूजना 'सुपर शूज' म्हणतात. त्यांच्या टाचेखाली साधारण ३५ ते ४० मिलिमीटर जाडीचा, अतिशय हलका आणि दाबल्यावर जोरात उसळणारा फोम असतो. फोमच्या आत बहुतेक वेळा कार्बन फायबरची वाकवलेली, कडक पट्टी असते. एवढी जाडी असूनही एका बुटाचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास असतं.

मिनिमलिस्ट शूज याच्या अगदी उलट असतात. सोल काही मिलिमीटरचा, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, बोटांना पसरायला जागा आणि आत आधार देणारं जवळपास काहीच नाही. पायाला काटा-काच लागू नये एवढंच त्यांचं काम.

या दोन टोकांच्या मधोमध रोजच्या सरावाचे साधे रनिंग शूज येतात. त्यांना मध्यम फोम असतो आणि टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १० मिलिमीटर उंच असते.

खेड्यापाड्यांत शाळेपासून वापरले जाणारे कॅनव्हासचे पीटी शूज यात कुठे बसतात? ते मिनिमलिस्ट म्हणून विकले जात नाहीत, पण पातळ आणि सपाट सोलमुळे ते त्याच टोकाच्या जवळ जातात. म्हणजे त्यात वर्षानुवर्षं धावलेल्या मुलाला पातळ सोल नवा नाही, जाड सोल नवा आहे. शहरात कुशनच्या बुटांत वाढलेल्या मुलाचं नेमकं उलटं असतं.

अनवाणी धावण्याचं आकर्षण कुठून आलं?

इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. पण चार वर्षांनी टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्यांच्या पायात बूट होते आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी होती.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणं आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी सुरुवातीला अनवाणी सराव केला. पुढे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या. मिलिंद सोमण यांनी तर लांब पल्ल्याचं अनवाणी धावणं देशभर चर्चेत आणलं.

या उदाहरणांत एक फरक लक्षात घ्यायला हवा. कविता राऊत किंवा लता करे यांचं अनवाणी धावणं ही निवड नव्हती, ती परिस्थिती होती. त्यांच्या यशाचं श्रेय बूट नसण्याला देता येत नाही.

अनवाणी धावण्याला वैज्ञानिक वजन मिळालं ते २०१० मध्ये. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन यांच्या गटाने 'नेचर' नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुतेक वेळा चवड्यावर किंवा पायाच्या मधल्या भागावर उतरतात, त्यामुळे टाच आपटल्याने बसणारा अचानक धक्का टळतो, असं त्यात दिसलं. मात्र हा अभ्यास धक्क्याबद्दल होता. अनवाणी धावणाऱ्यांना दुखापती कमी होतात, हे त्यात सिद्ध केलेलं नव्हतं. शिवाय २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासानाच समाजाच्या अभ्यासात दिसलं की, अनवाणी राहणारे हे लोकही संथ धावताना बहुतेक वेळा टाचेवरच उतरतात.

तोवर बाजार मात्र पुढे निघून गेला होता. पाच बोटांचे पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत खटला झाला. चूक मान्य न करता कंपनीने २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला.

मग जाड सोलची लाट कशी आली?

२०१७ मध्ये नायकेने व्हेपरफ्लाय ४% हा बूट बाजारात आणला. त्यावरच्या अभ्यासात १८ तरबेज धावपटूंना ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेगाने धावायला लावलं गेलं. तेव्हाच्या इतर नावाजलेल्या रेसिंग शूजच्या तुलनेत या बुटात त्यांची ऊर्जा सरासरी ४ टक्के कमी खर्च झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एलिउड किपचोगे यांनी व्हिएन्नात खास आखलेल्या धावेत १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, तेव्हाही त्यांच्या पायात याच घराण्यातला बूट होता.

त्यानंतर जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये मर्यादा घातली. रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि बुटात एकापेक्षा जास्त कडक पट्टी नसावी.

ऊर्जा वाचते ती मुख्यतः फोममुळे. पाय पडताना फोम दाबला जातो आणि पाय उचलताना त्यातली बरीचशी ऊर्जा परत मिळते. जाड पण हलका सोल पायाची लांबी किंचित वाढवतो आणि स्नायूंवरचं धक्का झेलण्याचं काम कमी करतो. कडक पट्टी फोमला आकारात धरून ठेवते आणि बोटांच्या सांध्याचं वाकणं कमी करते. एकट्या कार्बन पट्टीत जादू नाही. साध्या फोममध्ये पट्टी घालून 'कार्बन शूज' म्हणून विकलेला स्वस्त बूट तोच फायदा देईल, असं समजू नये.

वेगाचाही संबंध आहे. नंतरच्या एका अभ्यासात ताशी १२ किलोमीटर वेगाला ही बचत १.४ टक्के, तर ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के एवढीच भरली. म्हणजे हौसेने सावकाश धावणाऱ्याला महागड्या बुटातून फारच थोडं मिळतं.

१६०० मीटरमध्ये किती फरक पडेल?

पोलीस भरतीत पुरुषांची १६०० मीटर आणि महिलांची ८०० मीटर धाव २० गुणांची असते. अलीकडच्या गुणतक्त्यानुसार १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत धावणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. हा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरच्या थोडा वर आहे. त्यामुळे जाड सोलचा फायदा या वेगाला लागू होत नाही, असं म्हणता येणार नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, ४ टक्के ऊर्जा वाचली म्हणजे वेळ ४ टक्के कमी झाला असं नाही. वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो, त्यामुळे वेळेतली सुधारणा त्याहून कमी असते. दुसरी, प्रयोगातले धावपटू दम टिकवून एका लयीत धावत होते. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत दम संपत आलेला असतो, ती परिस्थिती वेगळी. तिसरी, उंच आणि मऊ सोलवर घोटा डगमगतो. मैदानावर गोल फेऱ्या मारताना, तेही ओल्या मातीवर, ही अडचण ठरते. २०२४ मध्ये राज्यातल्या मैदानी चाचण्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू झाल्या होत्या.

६ मिनिटांवरून साडेपाचवर यायचं असेल, तर ते काम काही महिन्यांचा नियमित सराव करतो. बूट ते करत नाही.

दुखापत कशात जास्त?

इथे मूळ मुद्दा येतो. बूट धावण्याचा भार नाहीसा करत नाही, तो भार शरीरात इकडून तिकडे हलवतो. पातळ सोलमध्ये चवड्यावर उतरण्याकडे कल वाढतो आणि भार पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि पंजाच्या लांब हाडांवर जातो. टाच उंच असलेल्या जाड बुटात पोटरीला आराम मिळतो, पण गुडघ्याला जास्त काम करावं लागतं. कडक पट्टी असेल तर पंजाच्या मधल्या भागावरचा ताण बदलतो.

ज्या भागाला सवय नाही, त्यावर अचानक भार आला की दुखापत होते. २०१३ च्या एका अभ्यासात ३६ धावपटूंपैकी काहींनी १० आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांची सवय करण्याचा प्रयत्न केला. त्या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडात सूज आढळली. तणावाने हाडाला तडा जाण्याआधीची ही पायरी असू शकते. दुसरीकडे २०२३ मध्ये डॉक्टरांनी कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पंजातल्या नेव्हिक्युलर या हाडाला झालेल्या इजांची नोंद प्रसिद्ध केली. पाच जणांवरून सरसकट निष्कर्ष निघत नाही, पण सावध राहण्याएवढं कारण मिळतं.

साध्या कुशनच्या बाजूने मात्र एक भक्कम पुरावा आहे. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण मऊ किंवा कडक सोलचे बूट देऊन सहा महिने नोंदी ठेवल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कडक सोलच्या गटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. हे बूट सुपर शूज नव्हते, रोजच्या सरावाचे होते.

भंडाऱ्यात धावताना काय वेगळं आहे?

धानाच्या पट्ट्यात जमीन ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात बांध्यांचे धुरे आणि पांदण रस्ते चिखलाने निसरडे होतात. उंच फोमचा, सपाट तळाचा रेसिंग शू तिथे घोटा मुरगळण्याचं निमंत्रण आहे. अशा वाटेवर सोलला खाचा असलेला, जमिनीलगतचा साधा बूट बरा.

गावातले सिमेंटचे रस्ते डांबरापेक्षा कडक असतात. पातळ सोल घालून त्यावर रोजची धाव मारण्यापेक्षा मुरमाची किंवा मातीची कडा निवडावी. अनवाणी धावायचं असेल तर स्वच्छ केलेल्या मैदानावर, उजेडात आणि थोडाच वेळ. बाभळीचे काटे, काचा आणि उन्हाळ्यात तापलेलं डांबर हे धोके आहेतच. पावसाळ्यात धानाच्या शेतांलगत पहाटे सापही असतात. त्या वेळी बूट आणि टॉर्च दोन्ही हवेत.

मग कोणता बूट घ्यावा?

• भरतीची तयारी करत असाल तर: मध्यम कुशनचा, व्यवस्थित बसणारा साधा रनिंग शू पुरेसा आहे. सुपर शूजची किंमत बऱ्याचदा वीस हजारांच्या पुढे जाते आणि त्यांचा फोम साध्या बुटापेक्षा लवकर दमतो. तो पैसा खुराकावर खर्च केलेला जास्त कामी येईल.

• पीटी शूजमध्येच सराव असेल आणि त्रास नसेल तर: केवळ व्हिडिओ पाहून घाईने बदलू नका. नडगी किंवा पंजा दुखत असेल, तर कुशनच्या बुटाकडे वळा.

• पाय मजबूत करायचे असतील तर: पातळ बूट आधी घरात आणि चालताना वापरा. मग आठवड्यातून दोनदा, सरावाच्या शेवटी पाच-दहा मिनिटं. पूर्ण बदलाला काही महिने द्या. सोबत पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम करा.

• हाफ मॅरेथॉन किंवा मॅरेथॉन वेगाने धावत असाल तर: सुपर शूजचा खरा उपयोग इथे आहे. तेही शर्यतीसाठी आणि मोजक्या वेगवान सरावांसाठी ठेवा, रोज नको.

• चाचणी चार-सहा आठवड्यांवर आली असेल तर: बुटाचा प्रकार बदलू नका. जुना बूट झिजला असेल तर त्याच धाटणीचा नवा घ्या आणि काही दिवस घालून रुळवा. कोणते बूट चालतील, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत आणि मैदानावरच्या सूचनांत बघा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. धावताना घालायचे मोजे घालूनच बघावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी.

एक उपाय तर फुकटचा आहे. पावलं किंचित लहान आणि जलद टाकणं. २०११ च्या एका अभ्यासात मिनिटाला पावलांची संख्या ५ ते १० टक्के वाढवल्यावर गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी झालेला दिसला. हे कोणत्याही बुटात करता येतं.

हे लक्षण अंगावर काढू नका

सरावानंतर पोटरी भरून येणं आणि दोन दिवसांत मोकळी होणं, हे सामान्य आहे. पण नडगीच्या किंवा पंजाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, धावताना ते वाढत असेल किंवा झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. सुरुवातीला तो एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. अशा वेळी धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेत थांबलेला उमेदवार पुन्हा मैदानावर येऊ शकतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिलेल्याला मात्र काही महिने घरी बसावं लागतं आणि तोपर्यंत ती भरती निघून गेलेली असते.