ओवीतला ख्रिस्त

कासुर्डीचा मुसलमान मराठीत कविता लिहितो, याचं काहींना अजून नवल वाटतं. मला नवल वाटतं ते फादर स्टीफन्सचं. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. स्वर्गासाठी त्यानं ‘वैकुंठ’ हाच शब्द घेतला. चर्चमधली मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. तिथं लोकभाषेला वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली. ओवी साडेतीनशे वर्षं पुढं होती.

त्याच सतराव्या शतकात भीमेपलीकडे श्रीगोंद्यात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीतच रचला. मराठी कुणाची, असं विचारणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो.