ईट अ पीच

ईट अ पीच हा ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकन संगीतसमूहाचा दुहेरी अल्बम आहे. कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स या कंपनीने तो १२ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रकाशित केला. निर्माते टॉम डाउड होते. दोन तबकड्यांच्या या अल्बममध्ये मायामी येथील क्रायटेरिया स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली गाणी आणि न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातील मैफिलींची ध्वनिमुद्रणे एकत्र आहेत. समूहाचे संस्थापक व प्रमुख गिटारवादक ड्वेन ऑलमन यांचे २९ ऑक्टोबर १९७१ रोजी अपघाती निधन झाले, त्या वेळी हा अल्बम अर्धवट अवस्थेत होता. त्यामुळे काही गाण्यांत ड्वेन आहेत, तर काही त्यांच्या पश्चात उरलेल्या पाच जणांनी वाजवलेली आहेत. ब्लूज-रॉक प्रकारातील महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिकांत त्याची गणना होते.

पार्श्वभूमी

ऑलमन ब्रदर्स बँडची स्थापना मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे झाली. लवकरच समूहाने जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात बस्तान हलवले. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोन गिटारवादक, ड्वेन यांचे धाकटे बंधू ग्रेग ऑलमन हे गायक व ऑर्गनवादक, बेरी ओकली हे बासवादक आणि बुच ट्रक्स व जेमो या नावाने ओळखले जाणारे जे जोहानी जोहान्सन हे दोन ड्रमवादक असा सहा जणांचा हा संच होता. रॉक समूहांत सहसा एक गिटारवादक प्रमुख असतो व दुसरा त्याला साथ करतो. येथे मात्र दोघेही समान दर्जाचे होते. दोघे मिळून एकच सुरावट वेगवेगळ्या स्वरांवरून समांतर वाजवत आणि मग आळीपाळीने स्वतंत्र विस्तार करत. जुगलबंदी हा शब्द त्याला लागू पडतो, पण त्यात चढाओढीपेक्षा सहवास अधिक होता.

समूहाचे पहिले दोन अल्बम (१९६९ व १९७०) फारसे खपले नाहीत. त्यांची खरी ताकद मैफिलीत दिसते, हे ओळखून १२ व १३ मार्च १९७१ रोजी फिलमोर ईस्ट येथील कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यात आले. त्यांतून जुलै १९७१ मध्ये निघालेल्या ॲट फिलमोर ईस्ट या दुहेरी अल्बमने समूहाला देशभर नाव मिळवून दिले. याच्या आदल्या वर्षी ड्वेन यांनी एरिक क्लॅप्टन यांच्या समूहाच्या लैला या अल्बममध्ये वादन केले होते. तो अल्बमही क्रायटेरिया स्टुडिओतच ध्वनिमुद्रित झाला होता आणि त्याच्या कामातही टॉम डाउड होते.

१९७१ च्या शरद ऋतूत समूह पुढच्या अल्बमसाठी क्रायटेरियात दाखल झाला. या सत्रांत ब्लू स्काय, स्टँड बॅक आणि लिटल मार्था ही तीन गाणी ध्वनिमुद्रित झाली. मात्र सततचे दौरे आणि अमली पदार्थांचे व्यसन यांनी समूहाला पोखरले होते. ऑक्टोबरमध्ये ड्वेन यांच्यासह काही जण व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी गेले. तेथून परतल्यावर काही दिवसांतच, ओकली यांच्या पत्नीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन निघालेल्या ड्वेन यांच्या मोटारसायकलला मेकनमध्ये अपघात झाला. समोर आलेल्या मालमोटारीला चुकवताना ते कोसळले आणि काही तासांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा २४ वर्षे होते. अंत्यविधीच्या वेळी उरलेल्या पाच जणांनी वादन केले आणि ग्रेग यांनी ड्वेन यांच्या आवडीचे मेलिसा हे गीत गायले.

समूह विसर्जित करावा की पुढे चालू ठेवावा, हा प्रश्न तेव्हा साहजिकच उभा राहिला. डिसेंबर १९७१ मध्ये पाचही जण पुन्हा क्रायटेरियात आले आणि त्यांनी आणखी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. मात्र तीन अधिक तीन अशा सहा गाण्यांनी दुहेरी अल्बम भरणे शक्य नव्हते. उरलेली जागा मार्च व जून १९७१ मधील फिलमोर ईस्टच्या ध्वनिमुद्रणांनी भरून निघाली. स्टुडिओ व मैफल यांचे मिश्रण असलेले दुहेरी अल्बम त्यापूर्वीही निघाले होते. क्रीम या ब्रिटिश समूहाच्या व्हील्स ऑफ फायर (१९६८) मध्ये एक तबकडी स्टुडिओची, तर दुसरी मैफलीची होती. ईट अ पीचमध्ये अशी वाटणी नाही. येथे दोन्ही प्रकार एकमेकांत गुंफलेले आहेत, आणि ही गुंफण एका माणसाच्या असण्या-नसण्यावरून ठरलेली आहे.

अल्बमची मांडणी

मूळ तबकड्यांच्या पहिल्या बाजूवर डिसेंबरमधील तीन गाणी आहेत. म्हणजे अल्बमची सुरुवात ड्वेन यांच्याविना होते. दुसऱ्या बाजूपासून मैफलीत वाजवणारे ड्वेन ऐकू येतात, तिसऱ्या बाजूवर त्यांची मैफलीतील व स्टुडिओतील गाणी आहेत आणि चौथ्या बाजूवर पुन्हा मैफल आहे. कालक्रम असा उलटा आहे. शोक आधी येतो आणि ज्याच्यासाठी शोक करायचा तो नंतर.

पहिली बाजू

एन्ट वेस्टिन टाइम नो मोअर हे ग्रेग यांचे गीत भावाच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले. त्याची चाल ड्वेन हयात असतानाच आकार घेत होती, शब्द मात्र नंतरचे आहेत. हाती असलेला वेळ वाया न घालवण्याचा निर्धार त्यात आहे आणि व्हिएतनामच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांचा उल्लेखही आहे. या गाण्यातील स्लाइड गिटार लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवण्याची ही पद्धत हे ड्वेन यांचे खास क्षेत्र होते. त्यासाठी ते औषधाची छोटी काचेची बाटली वापरत. त्यांच्या जाण्यानंतर ही जबाबदारी बेट्स यांच्यावर येऊन पडली. मित्राच्या शैलीची नक्कल न करता त्याची जागा भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो यशस्वी झाला असे म्हणावे लागेल.

लेस ब्रेअर्स इन ए मायनर ही बेट्स यांची सुमारे नऊ मिनिटांची वाद्यरचना आहे. शीर्षक मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये असून भाऊ या शब्दावरील श्लेषातून त्यात एक भाऊ कमी झाल्याची सूचना मिळते. सुरुवातीचा संथ, तालरहित भाग बराच लांबतो आणि मग ओकली यांच्या बासवर मुख्य लय उभी राहते.

मेलिसा हे ग्रेग यांचे १९६० च्या दशकातील, त्यांच्या सुरुवातीच्या काळातले गीत होय. नायिकेचे नाव त्यांना बराच काळ सुचत नव्हते. एका किराणा दुकानात एक बाई आपल्या मुलीला हाक मारताना ऐकून ते सापडले, अशी हकीकत ते सांगत. पैशाच्या अडचणीत त्यांनी या गीताचे हक्क विकून टाकले होते आणि गीतकार म्हणून स्टीव्ह अलेमो यांचे नावही त्याला जोडलेले आहे. हे गीत आपल्या समूहासाठी फारच मवाळ आहे असे ग्रेग यांना वाटत असे. ड्वेन यांना ते प्रिय होते, म्हणूनच ते येथे आले.

माउंटन जॅम

अल्बमचा जवळजवळ निम्मा वेळ या एकाच रचनेने व्यापला आहे. डोनोव्हन या स्कॉटिश गायकाच्या देअर इज अ माउंटन (१९६७) या साध्या, बालगीतासारख्या चालीवर ती आधारलेली असून तिचा अवधी ३३ मिनिटांहून अधिक आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे वीस-पंचवीस मिनिटांचे संगीत मावत असे. त्यामुळे रचना मध्येच तोडून दुसऱ्या व चौथ्या बाजूवर विभागावी लागली.

तिचा पूर्वीच्या अल्बमशी थेट धागा आहे. ॲट फिलमोर ईस्टच्या अखेरीस व्हिपिंग पोस्ट संपता संपता ट्रक्स यांची टिंपनी घुमू लागते, माउंटन जॅमची पहिली चाहूल लागते आणि तेवढ्यात आवाज विरून जातो. ईट अ पीचमध्ये तोच क्षण पुढे चालू होतो. ज्यांनी आधीचा अल्बम ऐकला होता, त्यांना सात महिने तुटलेला धागा पुन्हा हाती आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. पुढे दोन्ही गिटार, ऑर्गन, दोन्ही ड्रम आणि बास यांना क्रमाने मोकळीक मिळते. काही भाग पाल्हाळिक वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. विशेषतः ड्रमवादनाचा मधला टप्पा मैफलीत उपस्थित असणाऱ्यांना जितका रंगतदार वाटला असेल, तितका तो घरी बसून ऐकताना वाटतोच असे नाही. मात्र अखेरीस ड्वेन यांची स्लाइड गिटार विल द सर्कल बी अनब्रोकन या जुन्या भक्तिगीताच्या सुरावटीकडे वळते, तेव्हा आधीचा सारा विस्तार सार्थकी लागतो. ताटातूट झालेल्या आप्तांचे वर्तुळ पुन्हा पूर्ण होईल का, असा त्या भक्तिगीताचा आशय आहे. मार्चमध्ये ही सुरावट वाजवली गेली तेव्हा तिला कोणताही व्यक्तिगत संदर्भ नव्हता.

तिसरी बाजू

वन वे आउट हे ब्लूज परंपरेतील गाणे सनी बॉय विल्यमसन (दुसरे) आणि एल्मोर जेम्स यांच्यामुळे परिचित होते. येथील ध्वनिमुद्रण २७ जून १९७१ चे, म्हणजे फिलमोर ईस्टच्या अखेरच्या रात्रीचे आहे. संयोजक बिल ग्रॅहम यांनी त्यानंतर ते सभागृह बंद केले. ट्रबल नो मोअर हे मडी वॉटर्स यांचे गाणे समूहाच्या पहिल्या अल्बममध्येही होते. येथे त्याचे मार्चमधील मैफलीचे रूप आहे. स्टँड बॅक हे ग्रेग व ओकली यांचे आटोपशीर गीत आहे.

ब्लू स्काय या बेट्स यांच्या गीतात त्यांनी समूहासाठी प्रथमच मुख्य गायन केले. त्यांच्या तत्कालीन प्रेयसीचे नाव ब्लूस्काय होते व ती कॅनडातील आदिवासी समाजातील होती. गीत तिच्यासाठी लिहिलेले असले तरी ‘तो’, ‘ती’ अशी सर्वनामे बेट्स यांनी कटाक्षाने टाळली. त्यामुळे प्रेयसीला उद्देशलेले शब्द निळ्या आकाशालाही तितकेच लागू पडतात. मध्यंतरी आधी ड्वेन, मग दोघे एकत्र आणि नंतर बेट्स अशा क्रमाने गिटारवादन येते. एकाचे बोट कुठे थांबले आणि दुसऱ्याचे कुठे सुरू झाले, हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही. या जोडीचे स्टुडिओतील सर्वोत्तम वादन म्हणून अनेक जाणकार याच गाण्याकडे बोट दाखवतात.

लिटल मार्था ही दोन मिनिटांची रचना ड्वेन व बेट्स यांनी केवळ गिटारवर वाजवली आहे. एकट्या ड्वेन यांच्या नावावर असलेली समूहाच्या अल्बममधील ही एकमेव रचना होय. जिमी हेंड्रिक्स स्वप्नात आले आणि मोटेलच्या न्हाणीघरातील नळावर बोटे फिरवून त्यांनी आपल्याला ही धून दाखवली, असे ड्वेन सांगत. शीर्षकाचा उगम मेकनच्या रोझ हिल दफनभूमीत आहे. तेथे मार्था एलिस या १२ वर्षांच्या मुलीच्या थडग्यावर तिचा पुतळा आहे आणि समूहातील मंडळी या दफनभूमीत नेहमी फिरायला जात. पुढे ड्वेन यांचे दफनही तेथेच झाले.

नाव आणि मुखपृष्ठ

क्रांतीसाठी आपण काय करता, असे एका मुलाखतीत विचारले असता ड्वेन यांनी क्रांतीऐवजी उत्क्रांतीचा उल्लेख केला आणि जॉर्जियात असलो की शांततेसाठी एक पीच खातो, असे गमतीने सांगितले. पीच हे जॉर्जियाचे प्रसिद्ध फळ असून इंग्रजीत शांतता या अर्थाच्या शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो. मराठीत हा विनोद उतरत नाही. ट्रक्स यांच्या सूचनेवरून या उत्तरातील शब्द अल्बमचे नाव झाले. ड्वेन पीच वाहून नेणाऱ्या मालमोटारीला धडकले म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खोटी आहे. त्या वाहनावर क्रेनचा सांगाडा होता.

मुखपृष्ठ डब्ल्यू. डेव्हिड पॉवेल व जेम्स फ्लर्नॉय होम्स यांचे आहे. जुन्या रंगीत पोस्टकार्डांच्या धर्तीवर त्यात मालमोटारीवर लादलेला एक अवाढव्य पीच दिसतो, तर मागील बाजूस रेल्वेच्या वाघिणीवर तितकेच मोठे कलिंगड आहे. मूळ मुखपृष्ठावर अल्बमचे नाव छापलेले नव्हते. आत उलगडणाऱ्या जोडपानावर अळंब्यांनी भरलेले अद्‍भुत दृश्य रेखाटले आहे.

प्रतिसाद आणि नंतरचा काळ

बिलबोर्डच्या अल्बम यादीत ईट अ पीच चौथ्या स्थानापर्यंत पोहोचला. त्यातील एकेरी गाण्यांपैकी एकही पहिल्या पन्नासांत आले नाही, मात्र नभोवाणीवर त्यांतील अनेक गाणी दीर्घकाळ टिकली. ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, ड्वेन यांच्या अपघातस्थळापासून अवघ्या तीन चौकांच्या अंतरावर, बेरी ओकली यांचाही मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. त्यांचेही वय २४ होते. रोझ हिलमध्ये दोघांची थडगी शेजारी-शेजारी आहेत. सहा जणांचा मूळ संच ज्यात ऐकायला मिळतो, असा हा समूहाचा शेवटचा नवा अल्बम ठरला. ट्रक्स व ग्रेग यांचे २०१७ मध्ये, तर बेट्स यांचे १८ एप्रिल २०२४ रोजी निधन झाले.

सीडीवर माउंटन जॅम अखंड स्वरूपात देता आली आणि ती मेलिसानंतर लगेच ठेवण्यात आली. त्यामुळे अल्बमचा शेवट बदलला. मूळ तबकड्यांची अखेर भक्तिगीताच्या सुरावटीने व फिलमोर ईस्टमधील टाळ्यांच्या गजराने होत असे. सीडीची अखेर लिटल मार्थाने, दोन गिटारच्या शांत संवादाने होते. २००६ मध्ये निघालेल्या विस्तारित आवृत्तीतही पहिल्या सीडीवर हाच क्रम कायम असून दुसऱ्या सीडीवर २७ जून १९७१ च्या रात्रीची मैफल आहे.