पॉइंट टू टूची कुळकथा

निलंग्याच्या कॉलेजातला एन.सी.सी.चा कॅडेट कॅम्पमध्ये पहिल्यांदा फायरिंगला आडवा होतो, तेव्हा त्याच्या खांद्याला लागते ती ‘पॉइंट टू टू’, म्हणजे .२२ची रायफल. अलीकडच्या पोरांना .२२ डिलक्स ठाऊक आहे. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी मात्र ‘नंबर दोन, मार्क चार’ हाताळली, आणि खरी कुळकथा तिचीच आहे. ती मुळात .२२ नव्हतीच. लढाईतली .३०३ झिजली आणि तिची ही झाली.

रायफल झिजते म्हणजे नळी झिजते. .३०३च्या काडतुसातली कॉर्डाइट दारू भलतीच तापते. हजारो राउंड गेले की नळीच्या आतले पीळ झिजायला लागतात आणि गोळी भरकटते. नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी रोज ओढून नळीचं तोंडही घासतं. पण बॉडी, बोल्ट, लाकूडकाम ठणठणीत असतं. टायर गुळगुळीत झाला म्हणून कोणी ट्रॅक्टर भंगारात काढत नाही.

दुसरीकडे गरजही होती. १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धात ब्रिटिश शिपायांची नेमबाजी उघडी पडली. सराव वाढवायचा तर .३०३ची काडतुसं महाग आणि तिच्यासाठी लांबलचक रेंज हवी. .२२ रिमफायर काडतूस स्वस्त होतं. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या मधोमध नसतो, कडेच्या घडीत भरलेला असतो. .३०३ची गोळी साधारण ११ ग्रॅमची, तर .२२ची जेमतेम अडीच ग्रॅमची. पंचवीस यार्डांची रेंज आणि मागे मातीचा भक्कम बंधारा एवढ्यावर काम भागतं.

म्हणून १९०७मध्ये जुन्या .३०३ ली-मेटफर्ड रायफलींची .२२ करायला मंजुरी मिळाली. त्या काळी झिजलेली नळी आतून मोठी करून तिच्यात .२२ची पीळदार नळी बसवत. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर यांचं नाव या कामासाठी गाजलं. घोडा आता मधोमध न आपटता कडेवर आपटायला हवा, म्हणून बोल्टचं डोकं बदललं. १९२१मध्ये .३०३ ली-एन्फिल्डवरून मार्क चार आली आणि १९२६च्या नव्या नामकरणात तिला ‘नंबर दोन’ हे नाव मिळालं.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे वजन आणि ठेवण दोन्ही तशीच राखली. बोल्ट मागे ओढणं, नेम धरणं, श्वास रोखून खटका दाबणं सगळं .३०३सारखंच. त्यामुळे .२२वर बसलेला हात पुढे मोठ्या रायफलीवरही बसला. मॅगझिनमधली स्प्रिंग काढून टाकली होती. एकेक राउंड हाताने भरायचा, आणि उडालेल्या काडतुसांची रिकामी खोकी मॅगझिनच्या त्या डब्यात पडायची. फायरिंग संपल्यावर जवळ एकही राउंड वा खोका नाही असं कॅडेटला सांगावं लागतं, त्या हिशेबाला हा डबा फार सोयीचा.

एन.सी.सी. १५ जुलै १९४८ला स्थापन झाली, तेव्हा निलंगा निजामाच्या राज्यात होतं. हैदराबादवरच्या पोलिस ॲक्शनला अजून दोन महिने होते. म्हणजे मराठवाड्यातल्या पोरांच्या हाती ही रायफल आली ती हैदराबाद मुक्त झाल्यावरच. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३मध्ये, कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली आणि १९६८मध्ये पुन्हा ऐच्छिक. मधल्या वर्षांत कॉलेजातल्या पोरांचे जथेच्या जथे मैदानावर उतरले. अशा वेळी स्वस्त काडतुसाची ही जुनी रायफल किती उपयोगी पडली असेल!

.३०३ची .२२ करण्याचं हे रूपांतर सरकारी कारखान्याचं आणि कसलेल्या कारागिरांचं काम होतं. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ५प्रमाणे बंदुकीचं रूपांतर किंवा दुरुस्ती करून देण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चुकीच्या मापाची नळी फुटली तर पहिला घाव नेम धरणाऱ्याच्या डोळ्यावर बसतो.

पुढे ईशापूरच्या कारखान्याची .२२ डिलक्स आली. ती मुळातच .२२ म्हणून घडवलेली आणि मार्क चारपेक्षा चांगलीच हलकी, त्यामुळे नववी-दहावीच्या पोरापोरींना ती सहज पेलते.