तुटत्या ताऱ्यांचा हिशेब



तारा तुटताना दिसला की आपल्याकडे कुणी म्हणतं, कुणीतरी गेलं. कुणी म्हणतं, पटकन मनातलं माग. खरं तर तारा तुटतच नाही. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना मागे बारीक धूळ सोडत जातो. आपली पृथ्वी दरवर्षी ठरलेल्या दिवसांत त्या धुळीतून जाते. वाळूच्या कणाएवढा खडा प्रचंड वेगानं हवेत शिरतो आणि जमिनीपासून ८०-१०० किलोमीटर वर जळून जातो. ती रेघ म्हणजे उल्का. एका रात्रीत पुष्कळ उल्का पडल्या, तर त्याला उल्कावर्षाव म्हणतात.

आज सांगायचं आहे ते हे, की हे शास्त्र उभं राहिलं ते साध्या माणसांनी उघड्या डोळ्यांनी मोजून.

१३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे अमेरिकेत आकाशातून उल्कांचा अक्षरशः पाऊस पडला. जगबुडी आली असं वाटून लोक घाबरले. डेनिसन ओल्मस्टेड नावाच्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातून विनंती केली, की ज्यांनी जे पाहिलं ते कळवा. गावोगावची पत्रं आली. ती जुळवल्यावर कळलं, की सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच ठिकाणाहून आल्यासारख्या दिसत होत्या. पुढे जुन्या नोंदी चाळून कळलं, की हा मोठा वर्षाव साधारण ३३ वर्षांनी येतो. सांगितल्याप्रमाणे तो १८६६ साली आलाही. त्याच सुमारास इटलीच्या शियापारेल्ली यांनी उल्कांचं धूमकेतूशी असलेलं नातं दाखवलं.

आता यात बायका कुठे होत्या? इंग्लंडमध्ये ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही हौशी मंडळींची संस्था १८९० साली निघाली. तिनं पहिल्यापासून बायकांना सभासद केलं. मोठ्या, मानाच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं दार मात्र बायकांना १९१६ साली उघडलं. त्या पहिल्या तुकडीत दोघी होत्या, फियामेटा विल्सन आणि ग्रेस कुक. फियामेटाबाई मूळच्या संगीतातल्या. १९१० ते १९२० या दहा वर्षांत त्यांनी दहा हजारांवर उल्का पाहून नोंदल्या. पहिलं महायुद्ध चालू असताना उल्का विभागाचं काम या दोघींनी मिळून सांभाळलं. रात्री बाईनं बाहेर काय करायचं, हा प्रश्न तेव्हा तिकडेही होताच. त्याचं उत्तर त्यांच्या वहीनं दिलं.

आपल्या पुण्याचीही गोष्ट आहे. संगमाजवळच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. १९१२ साली ती बंद झाली आणि मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था मानतात. उल्का मोजायला दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यातून आकाशाचा छोटासाच तुकडा दिसतो. त्यामुळे हे काम कुणालाही करता येतं.

मग खडकीतल्या बाईनं दहा मोजल्या आणि डोंगरातल्या बाईनं साठ, तर खरं कुणाचं? दोघींचंही. फक्त हिशेब नीट लावावा लागतो. त्यासाठी नुसता आकडा पुरत नाही, तीन गोष्टी सोबत लिहाव्या लागतात. पहिली, किती वेळ पाहिलं. मधे चहाला उठलात तर तेवढी मिनिटं वजा. दुसरी, आकाश किती काळं होतं. त्यासाठी ठरवून दिलेल्या त्रिकोणात किती तारे दिसतात ते मोजतात. ताऱ्यांच्या तेजाची एक पायरी कमी दिसली, की उल्काही साधारण दोन-अडीच पटींनी कमी दिसतात. दोन पायऱ्या कमी असतील, तर दहाचे हिशेबानं साठ होतात. तिसरी, उल्का जिथून येतात ते ठिकाण किती वर होतं. ते क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर आकडा दुप्पट धरतात. म्हणजे पूर्ण काळोख असता आणि ते ठिकाण डोक्यावर असतं, तर एकीला तासात किती दिसल्या असत्या, हा आकडा निघतो. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी एकत्र करते. कुठल्या वर्षी धूळ दाट होती ते त्यातून कळतं. उपग्रह सांभाळणाऱ्यांनाही ते कळावं लागतं.

इथे शून्यही लिहायचा असतो. पाऊण तास काहीच दिसलं नाही, हीसुद्धा नोंद आहे. आपल्या गटाच्या वहीत हप्ता आला नाही तर आपण रकाना कोरा सोडत नाही ना, तसंच.

ऑगस्टचा ययाती वर्षाव आपल्याकडे ढगांत जातो. आपला खरा वर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा, मिथुन राशीतला. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून उल्का येतात आणि रात्री दोनच्या सुमारास ते तारे जवळजवळ डोक्यावर असतात. या वर्षावाची धूळ मात्र धूमकेतूची नाही, १९८३ साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाची आहे.

मी खडकीची. हमरस्त्याच्या आणि कारखान्यांच्या दिव्यांत आमचे बारीक तारे कधीच गेले. तुमच्या वाडी-वस्तीवर अजून आहेत. शेतातलं पीक मोजतो, हंडे मोजतो, आता हेही मोजू या. चौघी-पाचजणी मिळून अंगणात किंवा गच्चीवर सतरंजी टाका, घोंगडी घ्या. दिवा बंद करून वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मोबाईल पाहू नका. प्रत्येकीनं आपलं आपलं मोजायचं, शेजारणीला दिसलेली धरायची नाही. वहीत तारीख, गाव, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ढग किती आणि उल्का किती, एवढं लिहा. खाली सही करा. ती नोंद तुमच्या नावाची.