भामिनीचे दागिने

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककारांना मानाचे पान मिळते, गायकनटांची चरित्रे सविस्तर येतात, नाट्यपदांच्या रागांचीही नोंद होते. कपडे मात्र तळटीपेत जातात. वस्त्राभूषणांविषयी बोलणे म्हणजे काहीतरी हलके बोलणे, अशी समजूत आपल्या विद्याशाखेत खोल रुजलेली आहे. पनवेलमध्ये आम्ही 'मानापमान' शिकवायला घेतो तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न मात्र हमखास पेहरावाचाच असतो. भामिनी कोणते लुगडे नेसत असे? शिवलेली नऊवारी चालेल का? आणि वर्गातल्या एखाद्या मुलानेच भामिनी केली तर? गावातल्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात 'अटल करंडका'च्या एकांकिका होतात, मुलांना तालमींची सवय असते. तेव्हा हे प्रश्न पुस्तकी नव्हेत. ते वरवरचे आहेत, या मताशी मात्र आम्ही सहमत नाही.

आधी वयाचा मुद्दा. ज्यांना आपण आज 'अभिजात' म्हणतो ती संगीत नाटके रंगमंचावर उभी केली ती बहुतांशी कोवळ्या वयाच्या मंडळींनी. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त भाऊराव कोल्हटकर सुभद्रा म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांचे वय एकोणीस. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत शकुंतला झाले ते सतराव्या वर्षी. ललितकलादर्श १९०८ साली स्थापन झाली तेव्हा केशवराव भोसले विशीच्याही आत होते. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर शोभावे अशी ही वये. आपल्यासमोर त्यांची छायाचित्रे येतात ती चंदनाच्या हारांसह, म्हणून ही माणसे जन्मतःच वडीलधारी होती असा भास होतो, इतकेच. शकुंतला करणारा तो सतरा वर्षांचा मुलगाही कालिदासाचेच, म्हणजे त्याच्या दृष्टीने अतिप्राचीन असे नाटक करीत होता. आणि प्रेक्षागृहात बोलणे चालत असे ते त्याच्या गळ्याइतकेच त्याच्या रूपाविषयी.

आता खुद्द 'मानापमाना'कडे वळू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. या प्रयोगाविषयीची एक शोककथा प्रत्येक जण सांगतो. बालगंधर्वांची मुलगी त्याच दिवशी गेली आणि तरीही ते उभे राहिले. त्या हकिगतीच्या भाराखाली नाटकाचा विषयच झाकला जातो, अशी आमची तक्रार आहे. विषय काय? श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते. त्याचा अपमान होतो. संपत्तीविषयीच त्याला तिटकारा येतो. पुढे हीच भामिनी साध्या वेशात, वनमाला होऊन त्याच्यासमोर जाते आणि तेथे प्रेम जुळते. दुसऱ्या बाजूला भित्रा लक्ष्मीधर, ज्याची सारी प्रतिष्ठा अंगावरच्या अलंकारांत. म्हणजे कथानकाचा प्रत्येक सांधा कपड्यांवर फिरतो. माणूस पेहरावावरून ओळखावा की नाही, हाच येथला झगडा आहे. वेशभूषेला वगळून हे नाटक शिकवणे म्हणजे 'एकच प्याला'तून दारू वगळण्यासारखे होईल.

आणि गंमत पाहा. भूषणांचा डौल पोकळ ठरवणाऱ्या या नाटकातील नटाच्या भूषणांचीच महाराष्ट्राला भुरळ पडली! १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले. भरजरी शालू, पैठण्या, खरी अत्तरे, उंची गालिचे यांवर मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला आणि कर्जाचा डोंगर उभा केला. बालगंधर्वांची नेसण्याची ढब, पदर घेण्याची लकब, केशरचना सुखवस्तू घरांतील स्त्रिया उचलत, हे त्या काळच्या आठवणींत वारंवार येते. ही एकट्या मराठीची नवलाई नव्हे. त्यांच्याच पिढीचे, वयाने जेमतेम वर्षभराने लहान असलेले जयशंकर 'सुंदरी' मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर हेच करीत होते. 'सौभाग्यसुंदरी' या नाटकातील भूमिकेवरून त्यांना हे नाव कायमचे चिकटले, आणि मुंबईतल्या गुजराती स्त्रिया त्यांच्या पेहरावाचे अनुकरण करीत.

याकडे निव्वळ 'फॅशन' म्हणून पाहता येत नाही. नट घरंदाज बायकांचे वागणे न्याहाळणार, ते नितळ करून रंगमंचावर ठेवणार, आणि त्याच घरांतल्या बायका त्या आरशात पाहून पुन्हा आपला पदर सारखा करणार. या देवघेवीत 'कुलीन स्त्री कशी दिसते' याचा नमुना ठरला, आणि तो ठरवणारा देह पुरुषाचा होता. ज्या स्त्रीने स्वतः रंगमंचावर पाऊल टाकले असते तर तिची अब्रू गेली असती, तिला शालीनतेचा धडा मात्र तेथूनच मिळत होता. या विसंगतीत त्या काळाचे जेवढे समाजशास्त्र आहे तेवढे दहा प्रस्तावनांत सापडणार नाही.

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त (१९१९) सिंधू दारिद्र्याने गांजते, दळणकांडण करते. येथे नटाला सौंदर्याचा सारा सरंजाम उतरवावा लागतो. सिंधूचे दुःख आणि बालगंधर्वांचे लावण्य यांत कोण कोणावर मात करते, हा प्रश्न आम्हांला अजूनही चर्चेयोग्य वाटतो. आमचा कौल विचाराल तर तो गाण्याच्या बाजूने आहे. फाटके लुगडे तेथे वेशभूषा राहते. आवाज मात्र सिंधूचा होतो.

हा नमुना पुढे मोडला की नुसता हस्तांतरित झाला? हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये आपली नाट्यसंस्था काढून नाटके केली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरचे 'आंधळ्यांची शाळा' आले. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावर आधारलेल्या या प्रयोगात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. त्यांतील ज्योत्स्ना भोळे तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, म्हणजे नेमक्या सुभद्रा करणाऱ्या भाऊरावांच्या वयाच्या. शालूऐवजी रोजच्या वापरातले कपडे, दरबाराऐवजी दिवाणखाना. पण संगीत नाटकांच्या पुनरुज्जीवनात नट्या भामिनी, रुक्मिणी करू लागल्या, तेव्हा त्या पदर घेत ते बहुधा गंधर्वी पद्धतीनेच. स्त्रीने केलेली स्त्री ही पुरुषाने केलेल्या स्त्रीची नक्कल! पुढच्या काळात दूरचित्रवाणीने हेच काम अधिक वेगाने केले. 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३) या मालिकेतील जान्हवीचे मंगळसूत्र सराफांच्या दुकानांत तिच्याच नावाने मागितले जाऊ लागले होते. येथे निदान घालणारी आणि विकत घेणारी दोघी स्त्रिया होत्या. नमुना ठरवणारे कोण होते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच.

म्हणून भामिनी करू पाहणाऱ्या मुलाला आम्ही अडवत नाही. शालू मागायच्या आधी वनमालेचा प्रवेश बसव, एवढेच सांगतो. कारण दागिने नसताना भामिनीचा तोरा मानेत आणि नजरेत किती उरतो, ते तेथे कळते. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटाच्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०२५ साली 'मानापमान'ही पडद्यावर आले, त्यामुळे मुलांजवळ भरजरी नमुन्यांची वाण नाही. साध्या लुगड्यातल्या नटाचा नमुना शोधावा लागतो.

स्वतः बालगंधर्वांना हा सरंजाम अखेरपर्यंत सुटला नाही. प्रभातच्या 'धर्मात्मा'त (१९३५) ते पुरुषवेषात एकनाथ म्हणून दिसले. प्रेक्षकांना हवी होती ती भामिनी. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त पुन्हा लुगडे नेसून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, तेव्हा पन्नाशी एका वर्षावर आली होती. गॅसबत्त्यांच्या उजेडात जे लपत असे ते तेथे लपले नाही.