दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील लोहोपचार आणि श्रमक्षमता

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णास शरीरातील लोहाची कमतरता भरून काढण्यासाठी गोळ्यांद्वारे किंवा शिरेवाटे लोह देण्यास लोहोपचार म्हणतात. त्याचा मूळ हेतू रक्तक्षय दूर करणे हा आहे. त्यामुळे रुग्णाची श्रमक्षमता, म्हणजे धाप न लागता चालण्याची वा जिना चढण्याची शक्ती, वाढते का, हा निराळा प्रश्न असून त्याचे निर्णायक उत्तर मिळालेले नाही.

लोहन्यूनतेची कारणे

यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातील लोहाचे शोषण आणि साठ्यातील लोहाची सुटका, दोन्ही रोखते. मूत्रपिंडे दुर्बळ झाल्यावर ते रक्तात साचते. दाहामुळे त्याची निर्मितीही वाढते. परिणामी साठा असूनही लोह वापरता येत नाही. हीमोडायलिसिस घेणाऱ्यांचे थोडे थोडे रक्तही वाया जाते.

स्नायू आणि लोह

लोहाचा विचार बहुधा हिमोग्लोबिनपुरताच होतो. तो अपुरा आहे. स्नायूंतील मायोग्लोबिनला आणि तंतुकणिकांतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रथिनांनाही लोह लागते. क्लेमेंट फिंच व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये लोहन्यून उंदरांचे हिमोग्लोबिन रक्तसंक्रमणाने निरोगी उंदरांइतके केले, तरी त्यांची धावण्याची क्षमता क्षीणच राहिली. लोह दिल्यावर मात्र ती काही दिवसांत परतली. रक्तक्षय नसतानाही केवळ लोहन्यूनतेने थकवा येऊ शकतो, या मताचा हा महत्त्वाचा आधार होय.

मानवी चाचण्या

श्रमक्षमता बहुधा सहा मिनिटांत चाललेल्या अंतरावरून मोजतात. हृदयनिकामीपणाच्या ४५९ रुग्णांवरील फेअर-एचएफ (२००९) या चाचणीत शिरेवाटे लोह दिल्यावर हे अंतर वाढले. याच विकारात गोळ्यांनी मात्र श्रमक्षमता सुधारली नाही, असे आयर्नआउट (२०१७) चाचणीत आढळले.

मूत्रपिंडविकारात पुरावा तोकडा आहे. ब्रिटनमधील ‘आयर्न अँड हार्ट’ चाचणीत डायलिसिसवर नसलेल्या, रक्तक्षय नसलेल्या पण लोहन्यून अशा ५४ रुग्णांपैकी काहींना १००० मिलिग्रॅम लोह शिरेवाटे दिले गेले. चालण्याच्या अंतरात लक्षणीय फरक पडला नाही. अर्थात एवढ्या लहान गटात माफक लाभ नजरेतून सुटू शकतो. डायलिसिसच्या २१४१ रुग्णांवरील पिव्होटल चाचणीत मुबलक लोहाने मृत्यू व हृदयविकाराच्या गंभीर घटना मिळून कमी झाल्या, परंतु तिचा मुख्य विषय श्रमक्षमता नव्हता.

दक्षता

गोळ्यांनी मलावरोध होतो व चहासोबत त्यांचे शोषण घटते. शिरेवाटे दिलेल्या लोहाची तीव्र ॲलर्जी क्वचित होते. अंगात सक्रिय जंतुसंसर्ग असताना ते टाळतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या संयुगाने रक्तातील फॉस्फेट घटू शकते, आणि फॉस्फेट फार घटल्यास स्नायू दुबळे होतात. म्हणून हे औषध घेतल्यानंतरही थकवा वाढल्यास फॉस्फेटची तपासणी करणे इष्ट ठरते.