टीबीचा लाल डबा

सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून माझी सगळी नोकरी लोकांचे बेडके तपासण्यात गेली. भारतातल्या क्षयरोग कार्यक्रमाचा इतिहास सांगणारे सहसा दिल्लीपासून नाहीतर जिनिव्हापासून सुरुवात करतात. मी माझ्या टेबलापासून करतो.

नव्वदच्या आसपास या टेबलावर एका डोळ्याने बघायचा, आरशावर उजेड धरायचा सूक्ष्मदर्शक होता. पावसाळी ढग दाटले की तपासणी उद्यावर. डॉक्टरांची भिस्त एक्स-रेवर. औषधं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि वर्ष-दीड वर्ष घ्यायच्या गोळ्या. त्याही सलग मिळतील याचा भरवसा नाही. खोकला थांबला की माणूस ऊसतोडीला निघून जायचा आणि त्याचं कार्ड कपाटात पडून राहायचं. 1992 मध्ये केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची मदतसंस्था ‘सिडा’ यांच्यासह कार्यक्रमाचा आढावा घेतला. निष्कर्ष काय? औषधांचा तुटवडा, एक्स-रेचा अतिरेक, निम्म्याहून कमी रुग्णांचे उपचार पूर्ण. हे सांगायला स्वीडनहून माणसं कशाला हवी होती, असं आम्ही चहा पिताना म्हणायचो. पण आमचं सांगणं तालुक्याच्या पुढे जात नव्हतं, त्यांचं गेलं.

पुढच्या वर्षी सिडाच्या मदतीने प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले आणि 1997 मध्ये जागतिक बँकेच्या सुमारे 14 कोटी डॉलरच्या कर्जावर ‘सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम’ उभा राहिला. काही राज्यांत डेन्मार्क आणि ब्रिटनचाही पैसा होता. मार्च 2006 पर्यंत सारा देश त्याखाली आला.

‘डॉट्स’ म्हणून समोर बसवून औषध देण्याची जी पद्धत या पैशाबरोबर आली, ती मुळात परकी नव्हतीच. 1956 मध्ये मद्रासला ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद आणि भारताची आयसीएमआर यांनी एकत्र सुरू केलेल्या केंद्राने दाखवून दिलं होतं की सॅनेटोरियममध्ये न झोपवताही, घरी राहून गरीब रुग्ण तितकाच बरा होतो. समोर बसवून, आठवड्यातून मोजक्या दिवशी औषध देण्याचे प्रयोगही तिथलेच. पुढे क्षयतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात त्याची शिस्तबद्ध घडी बसवली आणि ती घडी कर्जासकट आपल्याकडे आली. घरचं शहाणपण परक्याच्या शिक्क्याशिवाय सरकारला पटत नाही, हे काही फक्त क्षयाच्याच बाबतीत खरं नाही.

टेबलावर दोन डोळ्यांचा, बल्बवर चालणारा सूक्ष्मदर्शक आला. बेडक्यातला पिवळसर भाग काडीने उचलून काचपट्टीवर पसरायचा, सुकवायचा, कार्बोल फुक्सिन ओतून खालून आच द्यायची. वाफ दिसली पाहिजे, उकळी मात्र फुटता कामा नये. मग आम्लाने धुवायचं, वर मिथिलिन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर जंतू बारीक लाल काड्यांसारखे दिसतात. निगेटिव्ह म्हणण्याआधी शंभर क्षेत्रं बघायची. पॉझिटिव्हची नोंद लाल शाईने करायची आणि काचा पर्यवेक्षकाच्या फेरतपासणीसाठी जपून ठेवायच्या. आमचं काम कुणीतरी पुन्हा तपासणार, ही नवलाईच होती.

पण खरा बदल होता तो डब्याचा. नव्या पॉझिटिव्ह रुग्णासाठी लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्यासाठी निळा. उपचार सुरू झाले त्याच दिवशी पूर्ण कोर्सच्या गोळ्या भरलेला डबा त्या माणसाच्या नावाने बाजूला काढला जायचा. गोदाम रिकामं झालं तरी त्याचे सहा महिने सुरक्षित. अंगणवाडीच्या ताईंकडे डबा ठेवायचा, सोमवार-बुधवार-शुक्रवारी त्यांच्यासमोर गोळ्या घ्यायच्या. एखादा आला नाही तर पर्यवेक्षक मोटारसायकलवर त्याच्या दारात.

दोष होतेच. आठवड्यातून तीनदाचं गणित देखरेखीला सोपं म्हणून निवडलेलं. शेवटी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोजच्या गोळ्या सुरू करायला लावल्या. खाजगी डॉक्टरांना बरीच वर्षं कुणी विचारलंच नाही. मुंबईतल्या 1991 च्या एका अभ्यासात शंभर डॉक्टरांनी ऐंशी तऱ्हेची औषधयोजना लिहून दिली होती. नोंद सक्तीची व्हायला 2012 उजाडलं. औषधांना न जुमानणारा क्षय ओळखायच्या प्रयोगशाळा तर फारच उशिरा आल्या. लक्ष्य 85 टक्के बरे करण्याचं, त्यामुळे पत्ता धड नसलेल्या माणसाची नोंदच टाळायची, हेही मी पाहिलं आहे.

तरीही कर्जातून आलेल्या सगळ्या गोष्टींत मी डब्याला पहिला नंबर देतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना क्षयाची औषधं तीन महिने स्थानिक बाजारातून खरेदी करायला सांगितलं, कारण पुरवठ्यात खंड पडणार होता. गोळ्या रोज द्या, कार्यक्रमाचं नाव ‘नियंत्रण’ऐवजी ‘निर्मूलन’ ठेवा. पण रुग्णाच्या नावाने पूर्ण कोर्स बाजूला काढून ठेवण्याची पद्धत सोडायला नको होती.